केबल पुरली का?

...आणि दीड फूट म्हणजे नेमकं किती, एवढंच मी विचारलं, तर यात माझं काय चुकलं? नाही, तुम्हीच सांगा! माणूस अंगण खणायला निघालाय, हातात कुदळ आहे, पुढे एकवीस मीटर टणक जमीन आडवी पसरलीय, अशा वेळी त्याने खोली किती ते आधी ठरवून घेऊ नये का? केबलच्या माहितीपुस्तकात लिहिलंय, 'केबल किमान दीड फूट खोल पुरावी.' ठीक. पण तुम्हाला सांगतो, आमच्या घरात दीड फूट या एका अंतराविषयी चार मतं आहेत. बाबा म्हणाले, "अठरा इंच. टेप लाव, विषय संपव." बाबा टेलर आहेत, घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, टेप गळ्यातच असते, झोपताना तेवढी काढतात. आई म्हणाली, "गुडघ्याएवढा खण." मी विचारलं, "कुणाच्या गुडघ्याएवढा?" आता तत्त्वतः हा प्रश्न रास्त होता, पण आईचा उजवा गुडघा त्या वेळी सुजून टम्म झालेला होता, आणि तो माझ्याच केबलमुळे सुजलेला होता, त्यामुळे प्रश्नाची वेळ किंचित चुकली, हे मी मान्य करतो. शेजारचे काका भिंतीवरून डोकावून म्हणाले, "दीड वीत! मी सांगतो ना!" या काकांना आम्ही घरात 'मी-सांगतो-काका' असंच म्हणतो. त्यांनी वीत पसरून दाखवली. ती वीत आहे की पंखा! आणि चौथं मत माझं, पण ते कुणी विचारलं नाही.

थांबा, थांबा. मी मधूनच सुरू केलं. क्रमाने सांगतो, म्हणजे मग निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

तर माझं पदव्युत्तर शिक्षण चालू आहे. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ते संपलंय, पण प्रबंध राहिलाय, आणि प्रबंध राहिलेला माणूस शिकतोय की शिकलाय, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. विषय असा : आकाशातून रेडिओलहरींची जी खरखर सतत खाली येत असते, ती वर्षभर, दर मिनिटाला, न चुकता मोजायची. बस्स. यंत्र मोजतं, संगणक लिहितो, मी पाहतो. आई पाहुण्यांना सांगते, "आमचा मुलगा खरखर ऐकतो." पाहुणे म्हणतात, "डॉक्टरांना दाखवलं का?" जाऊ दे, तो वेगळा विषय आहे.

आता या खरखरीसाठी अँटेना लागते, आणि ती घरापासून जितकी लांब तितकी बरी, कारण घर म्हणजे अँटेनाच्या दृष्टीने निव्वळ गोंगाट. म्हणून मी ती अंगणाच्या पार मागच्या कोपऱ्यात खांबावर बसवली आणि तिथून केबल थेट माझ्या खोलीच्या खिडकीत आणली. कशी आणली? जमिनीवरून. उघडी. काळी, करंगळीएवढी जाड, अंगणात आडवी पडलेली. तात्पुरती, असं मी तेव्हा म्हणालो होतो. अकरा महिन्यांपूर्वी.

गुरुवारी आई धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन निघाली, पाय केबलमध्ये अडकला, बादली एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, आणि बाबांनी आदल्या दिवशी इस्त्री करून गिऱ्हाइकासाठी ठेवलेला एक पांढरा सदरा, जो बादलीत कसा गेला हे अद्याप कळलेलं नाही, तो चिखलात. मी हे सगळं खिडकीतून पाहिलं. आणि मी ओरडलो. काय ओरडलो? तर... "केबल सांभाळ!"

इथे चुकलो. हे स्वच्छ मान्य. यावर वाद नाही. 'आई!' असं ओरडायला हवं होतं, जगातला कुठलाही माणूस 'आई' असंच ओरडतो, त्याची आई पडलेली नसली तरी! माझी पडली होती, समोर पडली होती, आणि मी केबलला ओरडलो. त्या दिवसापासून घरात माझा विषय निघाला की सुरुवात अशी होते : "त्याला काय विचारतेस, तो केबलचा मुलगा आहे."

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी मला दुकानात बोलावलं. शिवणयंत्राचं पायडल थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे बघ. रविवारी दिवे लागायच्या आत एकतर ती केबल जमिनीखाली, नाहीतर तो खांब जमिनीवर. तिसरं माप माझ्याकडे नाही."

मी म्हटलं, "बाबा, अकरा महिने झालेत, एकच महिना राहिलाय..."

"मग तिच्या दुसऱ्या गुडघ्याची वाट पाहतोस का?"

शुक्रवारी सकाळीच गेलो सरांकडे. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "आईंना फार लागलं का?" असं विचारलं, म्हणजे बघा, त्यांनासुद्धा आधी हेच सुचलं, आणि मग म्हणाले, "नोंदीत खंड पडला तर चालेल, पण एका दिवसाहून जास्त नाही. त्याहून जास्त पडला तर हे अकरा महिने विसरायचे आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात." पहिल्या दिवसापासून! म्हणजे अजून एक वर्ष मी ना शिकणारा, ना शिकलेला! आमच्या घरात अजून एक वर्ष खरखर!

तेव्हा परिस्थिती अशी : केबल पुरली तर अँटेना राहणार, अँटेना राहिली तर वर्ष राहणार. सगळं एका क्रियापदावर येऊन थांबलेलं. पुरणे.

मी म्हटलं, एखादा मजूर बोलावू. बाबा म्हणाले, "का? तुझ्या हाताला काय झालंय?" हाताला काही झालेलं नव्हतं. तेव्हा नव्हतं.

शनिवारी मी आलेखकागदावर नकाशा काढला. खांबापासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेषेत एकवीस मीटर चर, तिथून भिंतीच्या कडेने माझ्या खिडकीपर्यंत तीन मीटर, खिडकीतून टेबलापर्यंत दीड. बेरीज साडेपंचवीस. माझ्याकडे केबल तीस मीटर. जास्तीची खांबाच्या बुडाशी वेटोळं करून ठेवलेली. म्हणजे साडेचार मीटर हाताशी! अडथळे आले तर वळसा घ्यायला! इतका विचार करून माणूस कामाला लागतो, आणि तरीही शेवटी त्यालाच विचारतात, तुझं कुठे चुकलं. मी म्हणतो, माझं काय चुकलं?

रविवारी सकाळी बरोबर आठ वाजता मी यंत्र बंद केलं, केबल सोडवली, वहीत वेळ लिहिली आणि पहिली कुदळ मारली. टण्ण! कुदळ उडून माझ्याच कपाळाशी आली. जमिनीवर ओरखडासुद्धा नाही. दुसरी मारली. टण्ण! भिंतीवरून आवाज, "अरे, आधी पाणी मारायचं असतं रात्रीच! मी सांगतो ना!" काका. हातात चहाचा कप. तुम्हाला सांगतो, दिवसभरात त्या कपातला चहा संपलेला मी पाहिला नाही.

"काका, रात्री का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का?"

मग बादलीने पाणी आण, ओत, मुरू दे, खण, फावड्याने माती काढ, घमेल्यात भर, कडेला ओत, पुन्हा पाणी... तासाभरात सव्वा मीटर. उरलं पावणेवीस. मी उन्हात उभा राहून भागाकार केला. उत्तर रात्री पावणेएकच्या आसपास येत होतं. दिवे सातला लागतात.

आणि आई! आई मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेली, पाय दुसऱ्या खुर्चीवर, गुडघ्याला पट्टी, आणि दर अर्ध्या तासाने, "पुरली का रे?"

"अगं, अजून चर खणतोय."

"खड्डा?"

"खड्डा नव्हे आई, चर. खड्डा गोल असतो."

"बरं. पुरली का?"

मी मोजलं. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत एकट्या आईने 'पुरली का' हे सतरा वेळा विचारलं. रस्त्याने जाणाऱ्या दोघांनी फाटकाशी थांबून विचारलं, "काय पुरताय हो?" एका बाईंनी तर चेहरा अगदी पाडून विचारलं, "मांजर गेली वाटतं?" मी म्हटलं, "बाई, सत्तर फुटी मांजर?" त्या म्हणाल्या, "तसं नाही, कुणाचं कशावर किती प्रेम असेल, सांगता येत नाही." मी हे तपशिलात का सांगतोय, तर त्या दिवशी माझ्या कानात हा एकच शब्द, आणि त्याचा एकच अर्थ, किती खोल रुजला होता, ते तुमच्या लक्षात यावं म्हणून. दीड फूट खोल! कमीत कमी!

अकरा वाजता मी काकांच्या भिंतीच्या जवळून जाणार, तर काका म्हणाले, "अरे अरे अरे! तिथे नको! तिथून पाण्याचा पाइप गेलाय. तुमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा मी इथेच उभा होतो. मधून घे." आता पाइप कुठून गेलाय हे बाबांना आठवत नव्हतं, आईला माहीत नव्हतं, काकांनी मात्र डोळ्यांनी पाहिलेलं. उपलब्ध पुराव्यांपैकी हाच सर्वांत भक्कम! मी चर मधून वळवला. दहाव्या मिनिटाला कुदळ लागली, आवाज टण्ण असा न येता फच्च असा आला, आणि जमिनीतून पाण्याचा एक सुंदर, बारीक, माझ्या उंचीचा कारंजा उडाला.

भिंतीवर काका नव्हते. कप होता.

प्लंबर आला तेव्हा मी अंगठ्याने भोक दाबून अर्धा तास चरात पालथा पडलेला होतो. तो कमरेवर हात ठेवून वरून बघत राहिला.

"नकाशा कुणी काढला?"

"मी."

"त्यात पाइप दाखवलाय?"

"नाही, तो कुठे आहे ते माहीत नव्हतं."

"मग नकाशा कसला तो? चित्र झालं."

बोलला, पण माणूस कामाचा. पाइप जोडला, चर पाहिला आणि म्हणाला, "केबल अशी उघडी पुरू नका. घुशी आठवड्यात तुकडे करतील. पाइपात घाला. उद्या काही लागलं तर आतल्या आत ओढताही येईल." त्याच्याकडे नळी होती, काळी, लवचीक, त्याने तारेने केबल त्यातून ओढून दिली, एवढंच नाही, तर आपणहून पहार घेऊन चार मीटर चरही खणून दिला. का? तर म्हणाला, "तुमची कुदळ धरायची पद्धत बघवत नाही."

इथपर्यंत ठीक. शिवाय कारंज्याने पुढची सगळी जमीन अशी भिजवली होती, की कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरू लागली आणि मी झपाट्याने पुढे सरकलो. पुढे गुलाब. आईचे तीन गुलाब, बरोबर माझ्या रेषेवर. "मुळांना धक्का लागला तर बघ हं! तुझ्याआधी लावलेत ते!" मी म्हटलं, "आई, हे अशक्य आहे, हे गुलाब फार तर चार वर्षांचे..." "तुझ्या केबलच्या आधीचे आहेत ना? झालं तर." पुन्हा वळसा. एक पाइपाचा, एक गुलाबांचा, आणि एक असा की जो कशाचाच नव्हता, ऊन लागून मी सरळ जायचं तर तिरका गेलो. एकवीसचे चोवीस मीटर झाले. हरकत नाही! माझ्या हिशेबात साडेचार जास्तीचे होतेच. चोवीस अधिक तीन अधिक दीड, साडेअठ्ठावीस. केबल तीस. मी चरात उभा राहून हे तीनदा पडताळून पाहिलं. काठीने ओल्या मातीत मांडणी करून पाहिलं. केबल पुरत होती! हे वाक्य लक्षात ठेवा. पुरत होती.

पाच वाजता बाबा दुकान सोडून स्वतः मदतीला आले. न बोलावता! लेंग्याच्या बाह्या... म्हणजे सदऱ्याच्या बाह्या वर, लेंगा गुडघ्यापर्यंत... क्षमा करा, मी अजूनही तो प्रसंग आठवला की गडबडतो. तर बाबा पलीकडे खांबापाशी उभे राहिले. तिथे जास्तीच्या केबलचं वेटोळं. मी इकडे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर. माझ्या हातात नळीतून बाहेर आलेलं केबलचं टोक, मीटरभर. ठरलं असं, किंवा निदान माझ्या समजुतीप्रमाणे ठरलं असं, की मी आधी सगळा चर बुजवणार, माती दाबणार, आणि मग बाबा तिकडून केबल सोडत जाणार, मी इकडून नळीतून ओढून घेणार आणि माझ्या खिडकीपर्यंत नेणार.

मी माती ढकलत निघालो. हातांना फोड, फोडांना माती, मातीत घाम. साडेसहाला शेवटचं फावडं टाकलं. पायाने दाबलं. वर उभा राहिलो. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुठलीतरी गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटली. प्रबंधात ही भावना नसते.

आणि पलीकडून बाबांची हाक आली, "पुरली का?"

मी... मी फावडं वर करून, पूर्ण दम लावून, अंगणभर ऐकू जाईल असं ओरडलो, "पुरली!"

कट्.

एवढाच आवाज. फार मोठा नव्हता. पक्कडीचा होता.

आता मला तुम्ही सांगा, यात माझं काय चुकलं? त्यांनी विचारलं, पुरली का? मी म्हटलं, पुरली! पुरलेलीच होती हो! दीड फूट खाली! अठरा इंच! कुणाच्याही वितीने मोजा! पण बाबा, बाबा चाळीस वर्षं टेलर आहेत. दुकानात कापड पसरतात, एक टोक आईच्या हातात, एक त्यांच्या, आणि विचारतात, "पुरलं का?" आई म्हणते, "पुरलं." आणि पुढच्या क्षणी कात्री. चाळीस वर्षांत एकदाही त्या शब्दानंतर दुसरं काही झालेलं नाही. 'पुरलं' म्हटलं की कापायचं. माझ्या लेखी केबल जमिनीत गेली, त्यांच्या लेखी केबल माझ्या टेबलापर्यंत पोचली. शब्द एक, अक्षरं तीन, मध्ये चोवीस मीटर अंगण!

मी धावत गेलो. बाबा तोवर खांबाच्या बाजूचं टोक सोलून अँटेनाला जोडूनही मोकळे झालेले. व्यवस्थित, नीट. आणि कापलेली पाच मीटर केबल हातावर गुंडाळत होते.

"बाबा, काय केलंत हे!"

"काय म्हणजे? तूच म्हणालास, पुरली."

"पुरली म्हणजे पुरली हो! जमिनीत!"

"मग 'पुरून झाली' म्हणायचं!"

"तुम्ही 'पुरते का' असं विचारायचं!"

"मी चार बोटं माया सोडलीय," बाबा म्हणाले. माया म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात ना, पुढे कपडा सैल करावा लागला तर असावं म्हणून, ते. चार बोटं! मला साडेतीन मीटर हवी होती!

"खेचून बघ ना," बाबा म्हणाले.

"काय खेचू? तिकडचं टोक तुम्ही खांबाला बांधलंत!"

आई पायरीवरून म्हणाली, "अहो, दोघंही बरोबर आहात. पण केबल आखूड आहे."

भिंतीवर कप आला. कपामागून काका. "मी सांगतो. पुरली, पण पुरली नाही."

पावणेसातला दहा मिनिटं. बाबांनी गळ्यातली टेप काढली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून माझ्या टेबलापर्यंत स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "एकशे अडतीस इंच कमी." आवाज पडलेला. मग कापलेला तुकडा उचलला आणि फार हळू म्हणाले, "मी रफू करून देतो. कळणारसुद्धा नाही."

आता तुम्हाला काय सांगू... त्यांच्या रफूची ख्याती आहे. जळलेल्या कोटाला रफू केलेलं मी पाहिलंय, कोटाच्या मालकाला भोक सापडलं नव्हतं. पण केबलच्या आत एक तार, तिच्यावर आवरण, त्यावर जाळी, त्यावर पुन्हा आवरण. नुसती पिळून जोडली तर अर्धी खरखर गळून जाणार आणि बाहेरची आत शिरणार! त्याचा जोड बाजारात मिळतो, छोटासा, बोटाच्या पेराएवढा, पण आमचा बाजार रविवारी दुपारीच बंद होतो. मी नुसतं म्हटलं, "नाही होणार, बाबा." त्यांनी तुकडा खाली ठेवला. खांबाकडे पाहिलं. मग आकाशाकडे. दिवे लागायला आले होते. आणि मला दिसलं की ते आता स्वतःच्याच शब्दात अडकलेत. केबल जमिनीखाली गेली होती. म्हणजे खांब राहणार होता. पण टोक मधेच लटकतंय, अशा खांबाचं करायचं काय? मी वहीत वेळ लिहिली. सहा चाळीस. आणि त्यापुढे 'उद्या बाजार' असं लिहिणार, तर आठवलं, उद्या सगळी दुकानं बंद, आमच्या भागात सोमवारची सुट्टी! म्हणजे जोड मंगळवारी. खंड दोन दिवसांचा. म्हणजे अकरा महिने... मी वही मिटली.

तेवढ्यात घरातून खडखडाट. डब्यांचा. पायरीवरची खुर्ची रिकामी.

"आई? अगं, पाय!"

स्वयंपाकघराच्या खिडकीत आई. एक हात ओट्यावर टेकलेला, दुसऱ्या हातात डबा.

"ती शेपटी इकडून आत दे."

"काय?"

"अरे, खिडकी अडीच फुटांवर आहे. तुझ्या खोलीपर्यंत पोचत नाही ना? मग इथे पोचते. मी फळीवरचे डबे सरकवलेत, तुझं खोकं मावतं."

"पण आई, स्वयंपाकघरात... तुझ्या कामाच्या जागेत..."

"तिच्यापायी पडले ना मी एकदा? मग आता ती काय मला नवी आहे? आण लवकर, दूध वर येईल."

मी यंत्र आणलं, संगणक आणला, बाबांनी वायर धरली. सहा वाजून बावन्न मिनिटांनी केबल जोडली. पडद्यावर रेघ उमटली. खरखर आली! तुम्हाला सांगतो, इतकी गोड खरखर मी अकरा महिन्यांत ऐकली नव्हती. खंड, दहा तास बावन्न मिनिटं. बाहेर दिवे लागले. खांब उभा. आई म्हणाली, "पुरली?" मी म्हटलं, "पुरली." दोन्ही अर्थांनी. काय ते त्या दिवसापुरतं.

मंगळवारी मी जोड आणला. सरांना फोन केला, केबल पुन्हा खोलीपर्यंत वाढवतो म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "खबरदार! वर्षात एक बदल मी समजू शकतो. महिन्यात दुसरा केलास तर कोण विश्वास ठेवेल त्या आकड्यांवर? आहे तिथेच राहू दे." आहे तिथेच! म्हणजे दोन डब्यांच्या मध्ये माझं संशोधन, पडद्यावर वाफ, मी आकडे बघायला गेलो की हातात भाजी निवडायला येते, आणि उरलेल्या पाच मीटर केबलवर, जी खास लहरी वाटेत कमीत कमी गळाव्यात म्हणून बनवलेली असते, तिच्यावर आमच्या मागच्या दारात टॉवेल वाळतात. बाबांनी बांधून दिली. "ताण छान धरते," म्हणाले.

आणि मिक्सर! स्वयंपाकघरात मिक्सर असतो, हे मला का सुचलं नाही? आई तो सुरू करते आणि माझ्या रेघेचा डोंगर होतो. मी सांगून पाहिलं, "आई, एकच महिना मिक्सर बंद ठेवशील?" ती म्हणाली, "ठेवीन की. तू हाताने वाट." मी माझे तळहात पाहिले. फोड होते. मिक्सर चालू राहिला.

काल वर्ष पूर्ण झालं. सगळ्या नोंदी घेऊन सरांकडे गेलो. सर पानं उलटतायत, उलटतायत, मान डोलावतायत, अकरा महिने झाले, बारावा आला... आणि सर खुर्चीत ताठ झाले.

"अरे! हे काय आहे? रोज सकाळी सात दहाला एक प्रचंड उसळी! चार मिनिटं! पुन्हा साडेअकराला!"

"सर, ते मी सांगणारच होतो..."

"थांब! बोलू नकोस! हे कुठल्याच जुन्या नोंदीत नाही. इतकं नियमित! इतकं प्रबळ! आपण यावर स्वतंत्र लेख लिहू. तुझं नाव आधी!" सर उठून येरझाऱ्या घालायला लागले. माझं नाव आधी! एक क्षण, मी खोटं सांगणार नाही, पूर्ण एक क्षण मी गप्प बसलो. आणि सर माझ्याकडे वळले, डोळे चमकतायत, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "फक्त एक कोडं सुटत नाही. दर रविवारी ही उसळी तासभर उशिरा येते. सांग मला, या अफाट विश्वात असं काय आहे, जे रविवारी उशिरा उगवतं?"

मी मान खाली घातली.

म्हटलं, "आमची आई, सर."